सल्फाइड धातुकांच्या विदारणात सेलेनियमची खनिजे : ऊष्मागतिकी काय सांगते आणि गोव्याच्या जांभ्यात काय शोधावे?

अंत्रुज_महाल

नमस्कार मंडळी. फोंडा परिसरातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. भूशास्त्र हा माझा विषय नव्हे, पण विद्युतरसायनाचा धडा शिकवताना पडलेला एक प्रश्न काही केल्या सुटत नाही. येथे खाणींवर काम केलेले आणि भूशास्त्र शिकलेले बरेच सभासद आहेत, म्हणून तो सविस्तर मांडतो.

गंधक आणि सेलेनियम आवर्तसारणीत एकाच गणात, एकाखाली एक आहेत. सल्फाइड आयनाची त्रिज्या १.८४ अँगस्ट्रॉम, तर सेलेनाइड आयनाची १.९८. फरक इतका थोडा आहे की पायराइट, चाल्कोपायराइट आणि गॅलेना या अनुक्रमे लोह, लोह-तांबे आणि शिसे यांच्या सल्फाइड खनिजांच्या स्फटिकजाळीत गंधकाच्या जागी सेलेनियम बिनबोभाट जाऊन बसते. असे धातुक उघड्यावर आले, पाणी आणि हवा यांनी त्याचे विदारण सुरू झाले, की दोघांनीही एकाच वाटेने जायला हवे. प्रत्यक्षात गंधकाची शेकडो सल्फेट खनिजे ज्ञात आहेत, आणि सेलेनियमची ऑक्सिडीकरण पट्ट्यातली, म्हणजे हवा-पाण्याने गंजलेल्या वरच्या थरातली, बहुतेक खनिजे मात्र सेलेनाइट, म्हणजे चार संयुजेची, आहेत. सहा संयुजेची सेलेनेट खनिजे अगदी मोजकी. चाल्कोमेनाइट हे तांब्याचे निळे सेलेनाइट अर्जेंटिनातल्या काचेउता येथून १८८१ मध्ये वर्णिले गेले, शिशाचे मोलिब्डोमेनाइटही तिथलेच; बोलिव्हियातल्या पाकाखाके खाणीतून निकेलचे आल्फेल्डाइट आणि लोहाचे मँडारिनोआइट मिळाले.

माझे प्रश्न असे : एक, सेलेनियम चार संयुजेपाशीच का थांबते? दोन, खनिज तयार होणार की नाही हे आकडेमोड करून आधी सांगता येते का? आणि तीन, आपल्या डिचोली-सांगे भागात लोहखनिजाखालच्या काळ्या फिलाइटमध्ये (पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकात) पायराइटचे चौकोनी कण दिसतात, वर जांभा आहे. मग तिथे सेलेनियमच्या खनिजाची अपेक्षा ठेवावी का?

बार्देशकर

प्रश्न उत्तम आहे. वाचतो आहे. म्हापशाच्या बाजारात सेलेनियमच्या गोळ्या विकायला असतात, त्यापलीकडे या मूलद्रव्याशी माझी ओळख नाही.

जांभाचिरा

अंत्रुजबाब, आपला पहिला प्रश्न मानक विभवांच्या तक्त्यातूनच सुटतो. फक्त मानक विभव तसेच्या तसे न वाचता त्यात पीएचची दुरुस्ती करून वाचावे लागते. मी साखळीचा, शिक्षणाने भूशास्त्रज्ञ. काही वर्षे लोहखनिजाच्या समन्वेषणात होतो. आकडे थोडे सविस्तर देतो, कारण सगळी गोम त्यांतच आहे.

सल्फेटचे गंधकात क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होण्याचे मानक विभव सुमारे ०.३६ व्होल्ट आहे. सेलेनियस आम्लाचे मूलद्रव्य सेलेनियममध्ये क्षपण होण्याचे ०.७४ व्होल्ट. सेलेनेटचे सेलेनियस आम्लात होण्याचे १.१५ व्होल्ट. जितका आकडा मोठा, तितके ते रूप क्षपणाला उत्सुक आणि ऑक्सिडीकरणाला नाखूश. आता हे आकडे विदारणाच्या पाण्यात आणून बसवा. पीएच ४ आहे, पाण्यात सल्फेट लिटरला शंभरांश मोल आणि सेलेनियम लिटरला दशलक्षांश मोल आहे असे धरा, म्हणजे सल्फाइड धातुकातून झिरपणाऱ्या पाण्याचे साधारण चित्र मिळते. संहती आणि पीएच यांची दुरुस्ती करणारे नर्न्स्टचे समीकरण लावले, की गंधक आणि सल्फेट यांच्यातली सीमा ०.०२ व्होल्टवर येते, तर मूलद्रव्य सेलेनियम आणि सेलेनाइट यांच्यातली सीमा ०.३९ व्होल्टवर. या दोहोंच्या मध्ये जवळजवळ ०.३७ व्होल्टची खिडकी उरते. त्या खिडकीत गंधक सल्फेट होऊन पाण्याबरोबर निघून गेलेला असतो आणि सेलेनियम मूलद्रव्याच्या रूपात, न विरघळता, जागच्या जागी राहिलेले असते.

दोघांची ताटातूट होते ती इथेच. खनिजाच्या जाळीत ते एकत्र होते. ऑक्सिडीकरणाच्या पहिल्याच पायरीला गंधक पुढे गेला आणि सेलेनियम मागे राहिले. मागाहून विभव आणखी चढला, तरच सेलेनियम सेलेनाइट होऊन पाण्यात उतरते, आणि तोवर त्याच्या भोवतालचा बराचसा गंधक वाहून गेलेला असतो. सेलेनाइट खनिजे शुद्ध स्वरूपात मिळू शकतात याचे मूळ कारण हे आहे. सल्फेटची गर्दी तशीच राहिली असती, तर धातूंचा मोठा वाटा सल्फेट खनिजांनीच घेतला असता.

सेलेनेटपर्यंत मजल का जात नाही, हेही याच पद्धतीने पाहता येते. पीएच २ ला सेलेनाइट आणि सेलेनेट यांच्यातली सीमा सुमारे ०.९१ व्होल्टवर आहे. सल्फाइड धातुकाच्या आम्लधर्मी पाण्यात ऑक्सिडीकरणाचे खरे काम फेरिक लोह करते, आणि फेरिक-फेरस जोडीचे मानक विभव ०.७७ व्होल्ट आहे. म्हणजे आम्लधर्मी पाण्यात लोहाच्या हातून सेलेनेट होणे नाही. सेलेनाइट मात्र होते : पीएच २ ला तिथली सीमा ०.५३ व्होल्ट आहे, आणि फेरिक लोह फेरसच्या हजारांश असले तरी विभव ०.५९ व्होल्ट राहतो. पीएच वाढत गेला की सेलेनेटची सीमा झपाट्याने खाली येते. पीएच ४ ला ०.७२, पीएच ८ ला ०.३६. म्हणून सेलेनेट हे कोरड्या, अल्कधर्मी, हवेशीर मातीचे अपत्य आहे. कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयात १९८३ मध्ये पाणपक्ष्यांची विकृत पिल्ले आढळली, तिथे शेतीच्या निचऱ्यातून आलेले सेलेनियम मुख्यतः सेलेनेट होते. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडच्या सेलेनियमयुक्त जमिनीही अल्कधर्मीच आहेत.

बार्देशकर

त्या खिडकीत मूलद्रव्य सेलेनियम उरते असे आपण म्हणता, तर ते निसर्गात डोळ्यांना दिसते का? की फक्त आलेखावरच?

जांभाचिरा

दिसते. राखाडी, धातूसारखी चमक असलेल्या बारीक सुया, हे त्याचे स्थिर रूप. वाळूच्या खडकांतील युरेनियमच्या साठ्यांत, जिथे ऑक्सिजनयुक्त भूजल क्षपणकारी खडकात शिरते त्या आघाडीवर, मूलद्रव्य सेलेनियम आणि लोहाचे सेलेनाइड म्हणजे फेरोसेलाइट ही जवळजवळ सापडतात. अमेरिकेतील कोलोरॅडो पठार यासाठी प्रसिद्ध आहे. सूक्ष्मजीवांनी केलेले सेलेनियम मात्र लालसर, अस्फटिकी गोलकणांच्या रूपात असते. ते ऊष्मागतिकीच्या दृष्टीने थोडे कमी स्थिर असते आणि कालांतराने राखाडी होते.

तपासनीस_सांगे

या चर्चेत प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालतो. खाणीच्या प्रयोगशाळेत माझी उमर गेली. लोह, सिलिका आणि ॲल्युमिना हे रोजचे काम. सेलेनियम क्वचित, बाहेरून आलेल्या तांब्याच्या नमुन्यांत.

जांभाचिरा सरांनी जी ताटातूट सांगितली, ती कारखान्यात २०० वर्षांपूर्वीच घडली आणि तीतूनच या मूलद्रव्याचा शोध लागला. स्वीडनमधील फालूनच्या पायराइटपासून ग्रिप्सहोल्म येथे गंधकाम्ल बनवत असत. तिथल्या शिशाच्या कोठीत तळाला तांबूस गाळ साचे. बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये त्या गाळात नवे मूलद्रव्य ओळखले. रसायन पाहा : भट्टीत दोन्ही मूलद्रव्ये जळतात, पण सल्फर डायऑक्साइड हा स्वतःच क्षपणकारक असल्यामुळे तो सेलेनियस आम्लातून ऑक्सिजन काढून घेतो आणि सेलेनियम लाल होऊन खाली बसते. सल्फेट ते सल्फर डायऑक्साइड या जोडीचे विभव ०.१७ व्होल्ट, सेलेनियमचे ०.७४, निकाल आधीच लागलेला आहे. विदारणातही हेच होते, फक्त सल्फर डायऑक्साइडच्या जागी न गंजलेल्या सल्फाइडचा पृष्ठभाग असतो. वरून झिरपत आलेले सेलेनाइट खाली ताज्या पायराइटला भेटले, की परत मूलद्रव्य होऊन तिथेच थबकते. म्हणून गंजलेल्या माथ्याच्या आणि ताज्या धातुकाच्या सीमेवर सेलेनियम साचण्याची शक्यता सर्वाधिक.

आपल्या देशात सेलेनियम मिळते तेही खाणीतून थेट नव्हे. झारखंडातील घाटशिला येथे तांब्याच्या विद्युतशुद्धीकरणात धनाग्राखाली जो गाळ जमतो, त्यातून ते सोन्याचांदीबरोबर वेगळे काढले गेले आहे.

दुसरा मुद्दा मोजण्याचा. हायड्राइड पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइड घातले की सेलेनाइटपासून सेलेनियमचा वायू सुटतो आणि यंत्र त्याचे वाचन देते. सेलेनेट मात्र ढिम्म हलत नाही. त्याला आधी सहा मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, उकळण्याच्या जवळपास तापवून, सेलेनाइट करावे लागते. विभवाचा तक्ता म्हणतो की १.१५ व्होल्टचे सेलेनेट हा जोरदार ऑक्सिडीकारक आहे, आणि हातात घेतलेले सेलेनेट मात्र गरम आम्लाशिवाय जागचे हलायला तयार नाही. तक्ता दिशा सांगतो, वेग नाही. सेलेनाइटचे सेलेनेट होणेही तसेच संथ आहे, आणि ऑक्सिडीकरण पट्ट्यात सेलेनाइटचे राज्य असण्यामागे हे कारणही तितकेच मोठे आहे असे माझे मत आहे.

म्हादईकाठ

मी भूरसायनशास्त्रात संशोधन करते. अंत्रुज सरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, म्हणजे खनिज तयार होणार की नाही हे आधी सांगता येते का. येते, पण कोणती कोष्टके वापरता यावर उत्तर दहापटीने बदलते, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आधी साधी आकडेमोड. चाल्कोमेनाइटच्या विद्राव्यता गुणाकाराचे (संपृक्त पाण्यातील तांबे आणि सेलेनाइट आयनांच्या संहतींच्या गुणाकाराचे) लॉग मूल्य उणे १०.५ च्या आसपास धरू. पाण्यात तांबे लिटरला सहस्रांश मोल आहे. मग खनिज बसायला सेलेनाइट आयनाच्या संहतीचे लॉग मूल्य उणे ७.५ हवे. दिसायला हे अत्यल्प आहे. परंतु पीएच ४ च्या पाण्यात सेलेनियम जवळजवळ सगळे बायसेलेनाइटच्या, म्हणजे एक हायड्रोजन धरून असलेल्या सेलेनाइटच्या, रूपात असते. सेलेनियस आम्लाच्या दुसऱ्या विघटनाचा स्थिरांक (पीके) ८.३ घेतला, तर वीस हजारांत एखादाच आयन पूर्ण सेलेनाइट असतो. हिशोब पुरा केला की एकूण सेलेनियम लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम लागते. पीएच ५ ला तेवढ्याच तांब्यासाठी ५ मिलिग्रॅम पुरते. तुलनेसाठी सांगते : पिण्याच्या पाण्यातील सेलेनियमची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ०.०४. म्हणजे चाल्कोमेनाइट बसण्याजोगे पाणी हे कोणत्याही मापाने सेलेनियमने ओथंबलेले पाणी असते. असे पाणी फक्त सेलेनाइडने समृद्ध धातुकाच्या अगदी लगत, अरुंद भेगांत तयार होते. काचेउता आणि पाकाखाके ही नावे पुन्हा पुन्हा येतात, कारण तिथे मुळातच शिशाची, तांब्याची, निकेलची सेलेनाइड खनिजे आहेत.

आता कोष्टकांची गोष्ट. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या १९८२ च्या कोष्टकात बायसेलेनाइटची निर्मितीची मुक्त ऊर्जा उणे ४११.५ किलोज्यूल प्रति मोल आहे आणि सेलेनाइटची उणे ३६९.८. या दोहोंतील फरकाला ५.७१ ने भागा. दुसऱ्या विघटनाचा स्थिरांक ७.३ येतो. २००५ मध्ये ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने सेलेनियमच्या ऊष्मागतिकीचा स्वतंत्र, चिकित्सक आढावा प्रसिद्ध केला. त्यात सेलेनाइटचे मूल्य उणे ३६२.४ आणि बायसेलेनाइटचे उणे ४१०.१ आहे, आणि त्यांतून ८.३६ मिळतो. प्रत्यक्ष मोजमापांशी जुळणारा आकडा हाच आहे. सात-साडेसात किलोज्यूलचा हा फरक एरवी कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही, पण पीएच ५ ला लागणारे सेलेनियम तो ५ मिलिग्रॅमवरून अर्ध्या मिलिग्रॅमवर आणून ठेवतो.

अंत्रुज_महाल

म्हादईकाठ ताई, मग जुन्या कोष्टकांवर आधारलेले सगळे आलेख बाद समजायचे का?

म्हादईकाठ

सरसकट बाद नाहीत. विद्राव्यता गुणाकार मोजतात कसा, ते पाहा. खनिज आम्लधर्मी पाण्यात विरघळवतात, समतोल साधल्यावर तांबे आणि सेलेनियम मोजतात, मग त्या एकूण सेलेनियमपैकी पूर्ण सेलेनाइट किती हे विघटन-स्थिरांक वापरून काढतात. म्हणजे स्थिरांकातली चूक गुणाकारातही आधीच मुरलेली असते. दोन्ही आकडे एकाच घरचे घेतले, तर चूक दोन्हीकडून कटते आणि खनिज किती विरघळेल याचे उत्तर बरोबर येते. घात होतो तो गुणाकार एका घरचा आणि मुक्त ऊर्जा दुसऱ्या घरची घेतली म्हणजे. संगणकावरच्या तयार विदागारांत अशी सरमिसळ आढळते, म्हणून मी प्रत्येक वेळी दोन्ही मूल्यांतून विघटन-स्थिरांक हाताने काढून पाहते.

दुसरा खड्डा घन पदार्थाचा. तांब्याच्या सेलेनाइटसाठी जुन्या साहित्यात उणे ७.७ च्या आसपासही मूल्य सापडते. जवळजवळ तीन लॉगचा फरक! नुकताच पाडलेला, अर्धवट स्फटिकी साका आणि नीट वाढलेला चाल्कोमेनाइटचा स्फटिक यांची विद्राव्यता एक नसते. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातील चारिकोवा आणि क्रिवोविचेव यांच्या गटाने ही सेलेनाइट खनिजे प्रयोगशाळेत तयार करून, क्ष-किरणांनी ओळख पटवून, मगच विद्राव्यता मोजली आणि त्यावरून पीएच व विभवाचे आलेख रचले. उणे १०.५ चा माझा आकडा त्याच पठडीतला आहे. त्या खालोखाल शिशाचे सेलेनाइट आणखी कमी विद्राव्य, उणे १२ च्या घरात.

जांभाचिरा

ताईंच्या हिशोबाला एक टोक जोडतो, कारण गोव्याचे उत्तर त्यातूनच येते. तांबे स्थिर ठेवले, तर पीएच एकाने वाढला की लागणारे सेलेनियम दहापटीने घटते. हे ताईंनी दाखवले. पण तांबे अमर्याद स्थिर राहत नाही. पीएच साडेपाचच्या पुढे तांब्याचे ऑक्साइड वा मॅलाकाइट हे कार्बोनेट बसू लागते आणि पाण्यातले तांबे पीएचच्या प्रत्येक एककाला शंभरपटीने घसरते. सेलेनाइट दहापटीने वाढते, तांबे शंभरपटीने घटते. गोळाबेरीज म्हणून लागणारे सेलेनियम आता वाढू लागते. म्हणजे चाल्कोमेनाइटला सोयीचा पट्टा पीएच ५ ते ६ च्या दरम्यान, अगदी अरुंद आहे.

लोहाची गोष्ट याहून निराळी आहे. मँडारिनोआइटमध्ये दोन फेरिक लोहांमागे तीन सेलेनाइट असतात. पाणी गोएथाइटशी, म्हणजे गंजातल्या लोहाच्या जलयुक्त ऑक्साइडशी, समतोलात असेल, तर पीएच एकाने वाढताच फेरिक लोह हजारपटीने घटते. दोन लोहांचे मिळून सहा लॉग गेले, तीन सेलेनाइटांचे तीन लॉग आले, तीनची तूट राहिली. ती तीन सेलेनाइटांवर वाटली की लागणारे सेलेनियम दहापट होते. तांब्याच्या सेलेनाइटला आम्ल उतरल्याने फायदा होतो आणि लोहाच्या सेलेनाइटला आम्ल चढलेले हवे असते. पीएच जसजसा ५ कडे जातो, तसतसा मँडारिनोआइटचा लोहांश गोएथाइट गिळून टाकते आणि सेलेनाइट मोकळे होते.

बार्देशकर

एक शंका. आपण सर्वजण कोरड्या वाळवंटी प्रदेशांची नावे घेत आहात. काँगोतील पूर्वीच्या कटांगा प्रांतात कोल्वेझीजवळ मुसोनोई येथे तर सेलेनियमची खनिजे भरपूर मिळाली असे वाचले. तिथे पाऊस पडतो. मग गोव्यातच काय वावडे?

म्हादईकाठ

चांगला प्रतिवाद. मुसोनोईचे गिलमिनाइट आणि डेमेस्मेकेराइट ही युरेनिलची सेलेनाइट खनिजे १९६५ मध्ये वर्णिली गेली, आणि तिथला प्रदेश वाळवंट नाही हे खरेच आहे. मात्र तिथे तीन गोष्टी जुळून आल्या आहेत. धातुकात तांबे, कोबाल्ट आणि युरेनियम यांची रेलचेल आहे, आणि सेलेनियम तांब्याच्या सल्फाइडमध्ये भरपूर आहे. यजमान खडकांत डोलोमाइट आहे, जे आम्ल खाऊन पीएच सहाच्या दिशेला खेचते, म्हणजे वर सांगितलेल्या अरुंद पट्ट्यात पाणी आपोआप येऊन पोचते. आणि वर्षातला जवळजवळ अर्धा काळ कोरडा असल्याने भेगांतले पाणी आटून संहत होते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी डिचोलीच्या फिलाइटमध्ये नाहीत.

जांभाचिरा

गोव्याचा हिशोब घालतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे चौरस मीटरमागे ३००० लिटर. त्यातला एक तृतीयांश मुरतो असे धरा. पीएच ५ च्या पावसाच्या पाण्यात चाल्कोमेनाइट समतोलापर्यंत विरघळले, तर लिटरमागे साधारण ५७ मिलिग्रॅम जाते. हजार लिटरमागे ५७ ग्रॅम. एक मिलिमीटर जाडीचा थर चौरस मीटरभर पसरलेला असला, तरी तो साठ वर्षांच्या आसपास संपतो. समतोलाला पोचायला लागणारा वेळ धरून तो शंभर वर्षे टिकला असे म्हणू. जांभा तयार व्हायला लागलेल्या काळापुढे शंभर वर्षे म्हणजे काहीच नव्हे.

शिवाय जांभ्याची घडण पाहा. गोएथाइट, हेमाटाइट, केओलिनाइट, गिब्साइट. चिरेखाणीतला ताजा चिरा फोडा : पिवळट-तांबड्या रंगाची पोकळ्यांची जाळी दिसते, पोकळ्यांच्या भिंतींवर गडद तपकिरी, किंचित चकाकणारा गोएथाइटचा लेप असतो. आम्लधर्मी पाण्यात त्या लेपावर धनभार असतो आणि बायसेलेनाइटचा आयन नुसता चिकटत नाही, तर लोहाच्या अणूशी ऑक्सिजनमार्फत थेट बंध करतो. सेलेनेटचा बंध त्या मानाने सैल असतो. म्हणजे खनिज बसायला लागणारे ५ मिलिग्रॅम साचण्याच्या कितीतरी आधीच जांभा पाण्यातून सेलेनाइट वेचून घेतो. पृष्ठभागावरचे अधिशोषण हे खनिजनिर्मितीचा प्रतिस्पर्धी आहे, आणि कमी संहतीवर नेहमी तेच जिंकते. अंत्रुजबाब, आपल्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की गोव्यात सेलेनियमचे स्वतंत्र खनिज शोधणे व्यर्थ आहे. सेलेनियम असलेच, तर ते गोएथाइटच्या अंगावर आणि अंगात असेल.

तपासनीस_सांगे

सहमत. फक्त ‘अंगात’ यावर भर द्यावा. गोएथाइट वाढत असताना आधी चिकटलेले सेलेनाइट नव्या थराखाली गाडले जाते. तेव्हा नुसत्या धुण्याने सगळे सेलेनियम सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

खाजनकार

नमस्कार. दिवाडीला आमची खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेती, आहे आणि मी मृदाशास्त्र शिकलेला आहे. डोंगरावरच्या सल्फाइडची चर्चा झाली, पण गोव्यातले सल्फाइड खाजनांतही आहे हे सुचवावेसे वाटते. खारफुटीच्या चिखलात समुद्राच्या पाण्यातले सल्फेट सूक्ष्मजीव क्षपण करतात आणि गाळातल्या लोहाशी मिळून पायराइटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मानशीची, म्हणजे बांधातली भरतीचे पाणी अडवणारी, दारे सांभाळली नाहीत, बांध फुटला वा गाळ उपसून कोरडा पडला, की तो पायराइट गंजतो आणि चिखलाच्या भेगांत फिकट पिवळे जॅरोसाइट, म्हणजे लोहाचे सल्फेट खनिज, दिसू लागते. तिथे खारे पाणी सोसणारे कोरगुट भातसुद्धा तग धरत नाही. या चक्रात सेलेनियमचे काय होते?

म्हादईकाठ

खाजनकारबाब, हा धाग्यातला सर्वांत रंजक भाग ठरू शकतो, कारण येथे विभव एकाच ठिकाणी वर-खाली होतो. पाण्याखालच्या काळ्या चिखलात विभव शून्याच्याही खाली जातो. तिथे सेलेनियमचे मूलद्रव्य किंवा लोहाचे सेलेनाइड होते, किंवा ते पायराइटच्या जाळीत शिरते. चिखल उघडा पडला की गंधक सल्फेट होऊन ओहोटीबरोबर निघून जातो, सेलेनियम मूलद्रव्य म्हणून मागे राहते, आणि पुढे सेलेनाइट झाले की ताज्या फेरिक ऑक्साइडला चिकटते. सेलेनेट झालेच, तर जॅरोसाइटच्या जाळीत सल्फेटच्या जागी बसण्याची त्याला मुभा आहे. पण तिथले पाणी आम्लधर्मी असल्यामुळे सेलेनेट फारसे होणारच नाही. परत भरती आत आली, चिखल बुडाला, फेरिक ऑक्साइड क्षपण पावले, की चिकटलेले सेलेनाइट सुटते आणि सूक्ष्मजीव त्याचे पुन्हा मूलद्रव्य करतात. प्रत्येक फेरीत गंधकाचा काही भाग बाहेर पडतो आणि समुद्रातून नवा येतो. सेलेनियमला बाहेरची वाट त्या मानाने अवघड आहे. तेव्हा सेलेनियम आणि गंधक यांचे गुणोत्तर उघड्या पडलेल्या खाजनाच्या वरच्या थरात खालच्या काळ्या थरापेक्षा जास्त मिळायला हवे. हे भाकीत मोजून तपासता येण्याजोगे आहे.

अंत्रुज_महाल

मग तपासूच. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी नमुने कसे घ्यावेत ते सांगावे. यंत्रावरचे मोजमाप बाहेरून करून घेण्याची व्यवस्था होऊ शकते.

तपासनीस_सांगे

दोन जागा निवडा. एक, चिरेखाणीचा वा खाणीचा कडा, जिथे वर जांभा, मध्ये गंजलेला फिलाइट आणि तळाशी काळा, पायराइट दिसणारा फिलाइट असा सलग छेद मिळतो. खाणीत परवानगीशिवाय आणि पावसाळ्यात मुळीच उतरू नका. दोन, खाजनकारांच्या शेतातील उघडी पडलेली आणि पाण्याखालची, अशा दोन जागा.

काळा चिखल हवेत उघडा ठेवला तर घरी पोचेपर्यंत गंजू लागतो. म्हणून पिशवीत हवा न ठेवता घट्ट बांधून, बर्फावर आणा. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवण्याची सवय असेल तर ती येथे सोडा, कारण सेलेनियमची काही रूपे उडून जातात. सावलीत किंवा ४० अंशांखाली वाळवा. विरघळवताना नायट्रिक आम्ल वापरा आणि पात्र कोरडे पडेपर्यंत आटवू नका.

प्रत्येक नमुन्याचे एकूण सेलेनियम, एकूण गंधक आणि एकूण लोह हवे. त्याखेरीज नमुन्याचा वेगळा भाग फॉस्फेटच्या विद्रावात हलवून घ्या. फॉस्फेट गोएथाइटवरची जागा पटकावतो आणि पृष्ठभागावरचे सेलेनाइट पाण्यात येते. ते हायड्राइड पद्धतीने एकदा थेट आणि एकदा गरम हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रक्रियेनंतर मोजले, की दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे सेलेनेट. थेट वाचनच जवळजवळ सगळे निघाले, तर जांभाचिरा सरांचा आलेख जमिनीवर उतरला असे म्हणता येईल.

जांभाचिरा

छेदात वरून खाली जाताना तीन गुणोत्तरे काढा : सेलेनियम भागिले गंधक, सेलेनियम भागिले लोह, आणि फॉस्फेटने सुटलेले सेलेनियम भागिले एकूण सेलेनियम. पहिले गंजलेल्या फिलाइटमध्ये उसळी घेईल असा माझा अंदाज आहे. तिसरे जांभ्यात वरच्या बाजूला कमी होत जाईल, कारण जुने गोएथाइट आपल्या पोटात घेतलेले परत देत नाही. काळ्या फिलाइटच्या अगदी वरच्या काठावरचा बोटभर रुंदीचा पट्टा वेगळा खरवडून घ्यायला विसरू नका. तपासनीस सरांनी म्हटल्याप्रमाणे खाली उतरलेले सेलेनाइट ताज्या पायराइटवर पुन्हा मूलद्रव्य होत असेल, तर एकूण सेलेनियम तिथे जास्त आणि फॉस्फेटने सुटणारे कमी, असा उलटा जोड मिळेल.

खाजनकार

आमच्या शेतात ओहोटीच्या वेळी या. पाण्याखालचा चिखल तेव्हाच नळी दाबून सलग काढता येतो. जॅरोसाइट दिसणारी भेग कुठे आहे ते मी दाखवतो.